लाकडी पेटीला दिलेली अक्षरे: वाचनालयातला हेडलेस लिनक्स सर्व्हर आणि त्याचा एलसीडी मेन्यू

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, माझ्या आजोळच्या गावातील वाचनालयात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर फणसाच्या लाकडाची एक पेटी बसवलेली आहे. तिच्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे, त्याला ५०० जीबीची एसएसडी डिस्क जोडलेली आहे, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस यांपैकी काहीही नाही. अशा संगणकाला हेडलेस सर्व्हर म्हणतात. पेटीच्या वायफायला मोबाइल जोडला की इंटरनेट नसतानाही मराठी आणि कन्नड विकिपीडिया वाचता येतो, वाचनालयाची ग्रंथसूची चाळता येते, आणि प्रताधिकाराची मुदत संपलेली, म्हणजे भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेलेली जी पुस्तके आम्ही स्कॅन केली आहेत, ती उघडता येतात. याशिवाय उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांतून दर हिवाळ्यात जी मराठी साहित्य संमेलने भरतात, त्यांच्या काही जुन्या स्मरणिका आयोजकांच्या परवानगीने आम्ही त्यात ठेवल्या आहेत. हे सर्व पुरवणारी यंत्रणा उभी करणे फारसे अवघड नव्हते. मला लिहायचे आहे ते पेटीच्या दर्शनी फळीत बसवलेल्या छोट्या एलसीडीविषयी आणि त्याखालच्या बटणांविषयी, कारण माझे बहुतेक श्रम तिथे गेले आणि पेटीचे भले त्यानेच झाले.

पहिल्या वर्षी हा एलसीडी नव्हता आणि त्याचा त्रास ग्रंथपाल काकांना झाला. मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे फांद्या तारांवर पडतात, वीज जाते, येते, पुन्हा जाते. वीज आल्यावर पेटीतला लाल दिवा लागत असे, पण आतला सर्व्हर खरोखर कामाला लागला आहे की मध्येच अडकला आहे, हे त्या दिव्यावरून कळण्यासारखे नव्हते. काका मला बेळगावला फोन करीत आणि म्हणत, "पेटी पेटलीय बघ, पण पुस्तकं काय दिसेनात." मी त्यांना पिन काढून पुन्हा लावायला सांगत असे, आणि माझा तो सल्लाच चुकीचा होता, कारण लिहिणे चालू असताना वीज तोडली की एसडी कार्डावरील फाइल सिस्टिम बिघडू शकते. त्या एका पावसाळ्यात दोन कार्डे निकामी झाली. दोन्ही वेळा मी रविवारी गावी जाऊन, वाचनालयाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, सर्व काही नव्याने भरले. ते काम चालू असताना काका शेजारी उभे राहून पाहत असत, आणि पेटीत काय बिघडले होते हे त्यांना सांगण्याचा माझ्याजवळ काही मार्ग नसे.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलची देखभाल करतो. तिथल्या कॉम्प्रेसरवर किंवा भट्टीवर दोन-चार ओळींचा पडदा आणि तीन-चार बटणे असतात. आतला प्रोग्राम कसा लिहिला आहे हे ऑपरेटरला ठाऊक नसते आणि तशी गरजही नसते. तेल कमी आहे, तापमान चढले आहे, दार उघडे राहिले आहे, एवढे पडद्याने सांगितले की तो योग्य ते करतो. तीच सोय काकांना हवी होती. पेटी त्यांच्या ताब्यात असते, माझ्या नव्हे, आणि म्हणून तिने आपली अवस्था त्यांना, त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत सांगितली पाहिजे, असे मी ठरवले.

मूळ मांडणी थोडक्यात सांगतो. संगणक रास्पबेरी पाय ३ बी आहे, हे २०१६ साली आलेले मॉडेल असून त्यात १ जीबी रॅम आहे, आणि एका खेड्यातल्या वाचनालयाला तेवढे पुरते. डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेली रास्पबेरी पाय ओएस लाइट मी घेतली, जिच्यात डेस्कटॉप नसतोच. कार्ड लिहिणाऱ्या इमेजर प्रोग्राममध्येच संगणकाचे नाव, वापरकर्ता, एसएसएचची (दुसऱ्या संगणकावरून आत शिरण्याच्या सोयीची) किल्ली आणि वायफायसाठी भारत हा देश भरून ठेवता येतो, त्यामुळे एकदाही मॉनिटर जोडावा लागत नाही. या आवृत्तीत नेटवर्कचे काम नेटवर्कमॅनेजर पाहतो; त्याला हॉटस्पॉट सुरू करायला सांगितले की तो पेटीला १०.४२.०.१ हा पत्ता देतो आणि जोडल्या जाणाऱ्या मोबाइलना आपोआप पत्ते वाटतो. विकिपीडियासाठी किविक्स हा, इंटरनेटशिवाय तो वाचायला देणारा प्रोग्राम आहे. एसडी कार्ड ओव्हरले पद्धतीने केवळ वाचण्यापुरते ठेवले आहे, म्हणजे त्यावर काहीही लिहिले जात नाही, आणि बदलणारा सर्व मजकूर एसएसडीवर जातो. वीज अचानक गेल्यास नुकसान टाळण्याचा हा सर्वांत मोठा उपाय आहे, आणि कोणी असा सर्व्हर मांडणार असेल तर त्याने एलसीडीच्याही आधी हे करावे.

आता एलसीडी. खडेबाजारातल्या एका दुकानातून मी प्रथम १६ अक्षरे आणि २ ओळी दाखवणारा, निळ्या उजेडाचा नेहमीचा एलसीडी आणला. त्यातला एचडी४४७८० हा कंट्रोलर हिताची कंपनीने १९८०च्या दशकात आणलेला आहे आणि आजही तो किंवा त्याची नक्कल असंख्य यंत्रांत सापडते. त्याच्या पाठीवर पीसीएफ८५७४ या चिपची पट्टी असली की आयटूसी या जोडणीच्या दोनच तारांवर काम भागते. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. ही पट्टी ५ व्होल्टवर चालवली तर तिच्यावरील पुल-अप रोध दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढतात, आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत. मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर घालावा.

विजेची बाजू अशी सांभाळली, पण अक्षरांनी मला थांबवले. या कंट्रोलरच्या कायम स्मृतीत रोमन अक्षरे आहेत, सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात जपानी काताकानाही आहे, पण देवनागरी नाही. आपण स्वतः घडवलेली फक्त ८ अक्षरे त्यात भरता येतात, आणि प्रत्येक अक्षराला आडवे ५ आणि उभे ८ ठिपके मिळतात. मी चौकटीच्या कागदावर ठिपके भरत "बंद करा" हे शब्द घडवले: बं, द, क, रा, अशी चार घरे पुरली आणि मला मोठा आनंद झाला. प्रत्यक्ष पडद्यावर पाहिले तेव्हा दोन घरांच्या मधे एक रिकामी फट दिसली. ती फट काचेतच आहे, तिच्यावर ठिपकाच नाही, आणि म्हणून कोणत्याही उपायाने "बं"ची शिरोरेषा "द"च्या शिरोरेषेला जोडली जात नाही. प्रत्येक अक्षर सुटे, डोक्यावर आपापली तोकडी रेघ घेऊन उभे होते. मग मी रोमन लिपीत तोच शब्द टाकून पाहिला. काकांनी चष्मा वर करून तो वाचला आणि विचारले, "हे बँड करा म्हणजे काय रे?" त्यांच्या वाचण्यात काहीच चूक नव्हती. मराठी शाळेत शिकलेल्या आणि पन्नास वर्षे मराठी पुस्तके हाताळलेल्या माणसापुढे मी त्याचीच भाषा परक्या अक्षरांत ठेवली होती. त्या संध्याकाळी मी तो एलसीडी काढून घेतला.

दुसरा पडदा आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके असलेला ग्राफिक एलसीडी आहे. त्याचा कंट्रोलर एसटी७५६७ आहे, तो ३.३ व्होल्टवर चालतो आणि एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीने जोडला जातो. त्याच आकाराचा ओएलईडी अधिक उजळ दिसतो, पण त्यावर दिवसभर एकच मजकूर राहिला तर तो कायमचा उमटतो, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो फिका पडतो. हा एलसीडी उजेड पाडल्यावर उलट अधिक स्पष्ट होतो, आणि मागचा दिवा विझवला तरी दिवसा वाचता येतो. इथे सलग ठिपके असल्यामुळे अक्षर म्हणजे एक चित्र असते, आणि चित्रात शिरोरेषा हवी तितकी लांब ओढता येते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील लुमा ही लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) पडद्याला चित्र पाठवते आणि पिलो ही लायब्ररी ते चित्र काढते. पहिल्याच प्रयत्नात "स्थिती" हा शब्द असा उमटला की पाय मोडलेला स, मग थ, आणि त्याच्यानंतर ऱ्हस्व वेलांटी. अक्षरे देवनागरी होती, पण ती मांडण्याचे नियम कुणी लावलेच नव्हते. पिलोकडे मांडणीची दोन इंजिने असतात: एक साधे, जे अक्षरे आलेल्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवते, आणि दुसरे राक्म, जे हार्फबझ या लायब्ररीच्या मदतीने जोडाक्षरे जुळवते आणि वेलांटी व्यंजनाच्या आधी नेते. दुसरे इंजिन उपलब्ध नसेल तर काहीही तक्रार न करता पहिले वापरले जाते. माझ्या कार्डावर फ्रायबिडी ही छोटी लायब्ररी बसवलेली नव्हती आणि तेवढ्यासाठी राक्म बंद होते. ती बसवल्यावर "स्थिती" नीट जुळून आली. भारतीय लिपीत पडदा चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाने राक्म चालू आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. माझे दोन रविवार त्यात गेले.

ओळीची उंची हा दुसरा प्रश्न होता. ६४ ठिपक्यांत १६-१६च्या ४ ओळी सहज बसतील असे वाटते, आणि रोमन अक्षरांसाठी ते खरेही आहे, पण देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी जागा लागते, आणि खाली उकारांसाठी. १६ ठिपक्यांत "सुरू" या शब्दाचा दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसला आणि "वीज" या शब्दाच्या वेलांटीचा माथा कापला गेला. म्हणून मी २१ ठिपक्यांच्या ३ ओळी केल्या. एक ठिपका उरतो, तो पहिल्या ओळीच्या वर सोडला आहे. फाँट नोटो सान्स देवनागरी आहे, पण ठिपका एक तर काळा किंवा पांढरा असल्यामुळे बारीक वळणाच्या रेषा मधेच तुटतात. थोडा जाड प्रकार घेतल्यावर शिरोरेषा सगळीकडे सारख्या जाडीची, दोन ठिपक्यांची, दिसू लागली.

त्यानंतर मी ल आणि श यांच्याकडे वळलो. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या लिपीविषयक निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे म्हणून दिलेली आहेत, आणि आमच्याकडे सीमाभागातल्या मराठी शाळांत काकांच्या पिढीने हीच वळणे गिरवली. पुष्कळ फाँट मूळ रूप हिंदीच्या वळणाचे ठेवतात आणि मराठी रूपे आत दडवून ठेवतात. मजकूर मराठी आहे अशी भाषेची खूण दिली तरच ती बाहेर येतात. राक्म चालू असेल तर पिलोला ही खूण देता येते. मी ती दिली. १२८ ठिपक्यांच्या पडद्यावर ल कोणत्या वळणाचा आहे याने सर्व्हरच्या कामात काही फरक पडत नाही हे मला मान्य आहे, परंतु "वाचनालय" हा शब्द त्या पडद्यावर सतत दिसणार होता, आणि वाचनालयाच्या पाटीवर तो ज्या वळणाने रंगवला आहे त्याच वळणाने तो पेटीवरही यावा असे मला मनापासून वाटत होते.

संध्याकाळी वाचनालय उघडण्याचे काम गावातलीच एक कॉलेजची मुलगी करते. ती घरी मराठी बोलते, पण तिचे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे आणि कन्नड ती अधिक वेगाने वाचते. तिने पहिल्याच आठवड्यात विचारले, "दादा, ह्यात कन्नड येत नाही काय?" मेन्यूची सर्व वाक्ये मी एका वेगळ्या फाइलीत ठेवलेली होती, त्यामुळे दुसरा स्तंभ जोडणे सोपे गेले, आणि भाषांतर तिनेच केले. बंद करण्यासाठी मी शब्दकोशातून काढलेला शब्द तिने खोडला आणि "निल्लिसि" असे लिहिले, कारण बसमध्ये, गिरणीत, सगळीकडे तोच शब्द कानावर पडतो. कन्नडमधली ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरे, मूळ अक्षराच्या खाली उतरतात, आणि २१ ठिपक्यांची उंची इथे आपोआप कामी आली. आता वरचे बटण दोन सेकंद दाबून धरले की पडद्याची भाषा बदलते.

एका ठिकाणी मात्र मला देवनागरी मागे घ्यावी लागली. पेटीचा पत्ता मी आधी देवनागरी आकड्यांत दाखवत होतो. एका शाळकरी मुलाने तो मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून जसाच्या तसा टाइप केला आणि पान उघडेना, कारण ब्राउझर देवनागरी आकड्यांना नेटवर्कचा पत्ता समजत नाही. त्या एका ओळीत आता इंग्रजी आकडे आहेत. टाइप करण्याचा त्रास टाळावा म्हणून क्यूआर कोडही दाखवतो. सर्वांत लहान क्यूआर कोड २१ गुणिले २१ चौकोनांचा असतो आणि चूक-दुरुस्तीची सर्वांत खालची पातळी घेतली तर त्यात १७ अक्षरे मावतात. पेटीचा पूर्ण पत्ता १६ अक्षरांचा आहे. चारही बाजूंना ४ चौकोनांची मोकळी जागा धरली तर २९ चौकोन होतात, आणि दर चौकोनाला २ ठिपके दिले तर ५८. म्हणजे ६४ ठिपक्यांच्या उंचीत तो पूर्णपणे बसतो. वायफायला जोडण्याचा वेगळा कोड छापून शेजारी भिंतीवर चिकटवला आहे.

बटणे तीन आहेत: वर, खाली आणि हो. ती कारखान्यातल्या पॅनेलवर असतात तशी धातूची, दाबल्यावर बोटाला स्पष्ट कळणारी घेतली, कारण काकांचा अंगठा शेतात काम केलेला आहे आणि प्लॅस्टिकची नाजूक बटणे त्याखाली चुकीची दाबली जातात. बटण दाबताना आतला संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एकच दाब चार वेळा मोजला जातो, म्हणून प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंदांचा अवधी ठेवावा लागतो. हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते असे की, वाचनालयातला पंखा किंवा ट्यूबलाइट चालू-बंद करताच मेन्यू आपोआप एक घर पुढे सरकेल. पायपासून बटणांपर्यंतच्या वीतभर तारा त्या झटक्याचा विद्युत गोंगाट पकडत होत्या, आणि पायच्या आतला पुल-अप रोध सुमारे ५० किलोओहमचा, म्हणजे फारच सौम्य, असल्यामुळे तो गोंगाट त्याला रोखता येत नव्हता. बाहेरून ४.७ किलोओहमचा रोध ३.३ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला जोडल्यावर हा प्रकार थांबला.

आता त्या पडद्याविषयी सांगतो ज्यासाठी मी सर्वांत जास्त विचार केला. मेन्यूतील "बंद करा" निवडून "हो" तीन सेकंद दाबून धरले की पेटी बंद होऊ लागते. बंद होताना दाखवण्यासाठी मी वाक्य लिहिले होते: "आता पिन काढली तरी चालेल". ते पडद्यावर आले, काकांनी पिन काढली, आणि दुसऱ्या दिवशी एसएसडीवर तपासणीत चुका निघाल्या. कारण शोधले तेव्हा दोष वाक्याचा नव्हे तर वेळेचा निघाला. मेन्यू चालवणारी सेवा सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा) लवकर थांबवते, त्यानंतर किविक्स थांबते, मग डिस्क सोडली जाते, आणि या सगळ्याला काही सेकंद लागतात. माझा पडदा ते होण्याआधीच काकांना ग्वाही देत होता. काकांनी त्यावर विश्वास ठेवला होता आणि पडदा खरे बोलत नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

त्यावर उपाय आहे. सिस्टिमडीमध्ये एक विशिष्ट डिरेक्टरी असते, जिच्यातले प्रोग्राम अगदी शेवटी, डिस्क सोडून झाल्यावर आणि वीज तोडण्याच्या लगेच आधी चालवले जातात. काकांना ग्वाही देणारे ते वाक्य मी तिथल्या एका छोट्या प्रोग्रामकडे सोपवले. मेन्यूची सेवा थांबताना आता फक्त "थांबा, पेटी बंद होत आहे" एवढे दाखवते, आणि काही सेकंदांनी, खरोखर सर्व थांबल्यावर, दुसरे वाक्य येते. इथे लुमाची एक सवय लक्षात ठेवावी लागते: प्रोग्राम संपताना ती पडदा पुसून टाकते, म्हणून तिला चित्र तसेच राहू द्यायला सांगावे लागते. एसटी७५६७ला स्वतःची स्मृती आहे, आणि पाय बंद झाल्यावरही ३.३ व्होल्टची पिन जिवंत राहते, त्यामुळे ते शेवटचे वाक्य भिंतीतली पिन काढेपर्यंत पडद्यावर स्थिर उभे असते. काका आता ते वाक्य दिसल्याशिवाय पिनेला हात लावत नाहीत.

वीज जाण्याचा प्रश्न मिनी यूपीएसने सोडवला आहे. वीज गेल्याचे पायला कळावे म्हणून अडॅप्टरच्या बाजूने ऑप्टोकप्लरमार्फत (जो दोन्ही बाजू विजेने अलग ठेवून फक्त इशारा पोचवतो) एक तार आणली आहे. वीज गेली की पडद्यावर "वीज नाही, बॅटरीवर चालू" असे येते, आणि १५ मिनिटांत ती परतली नाही तर पेटी स्वतःहून नीट बंद होते. त्यातून एक नवी अडचण उभी राहिली: यूपीएसमध्ये शक्ती उरलेली असल्यामुळे पायचा पुरवठा कधी तुटतच नाही, आणि म्हणून वीज परत आली तरी बंद झालेली पाय आपोआप उठत नाही. रास्पबेरी पायमध्ये जीपीआयओ ३ ही पिन जमिनीला टेकवली की झोपलेला संगणक जागा होतो. ही पिन आयटूसीचीही आहे, म्हणजे जुना एलसीडी ठेवला असता तर ती मोकळी मिळाली नसती. नवा पडदा एसपीआयवर असल्यामुळे ती सुटली आणि तिथे मी हिरवे बटण लावले. वेळ राखणारी डीएस३२३१ची घड्याळपट्टीही आयटूसीवरच चालते, आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ती लागतेच, कारण पाय ३मध्ये स्वतःचे घड्याळ नाही. तिच्यासाठी सॉफ्टवेअरने चालणारी आयटूसी दुसऱ्या दोन पिनांवर काढली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तशी सोय तयार आहे.

मेन्यूत आज सहा गोष्टी आहेत: पेटीची अवस्था, पत्ता, किती मोबाइल जोडलेले आहेत, डिस्कवरील जागा, पेन ड्राइव्हवर प्रत घेणे आणि बंद करणे. तापमान वेगळे दाखवत नाही. ७० अंशांच्या वर गेले तरच "पेटीमागची जाळी पुसा" असे वाक्य येते. आकडा पाहून काकांनी काय करायचे होते? त्यांना करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे जाळीवरची धूळ पुसणे, आणि पडद्याने तेच सांगावे. त्याच न्यायाने, किविक्स थांबले तर "पुस्तके दिसत नाहीत. पुन्हा सुरू करू?" एवढेच येते आणि खाली "हो" व "नको" असतात. "त्रुटी", "सेवा अनुपलब्ध", "प्रणाली" हे माझे आधीचे शब्द काका आणि ती मुलगी या दोघांनी मिळून एकेक करून काढून टाकले आहेत.

परवा रात्री आठच्या सुमारास काकांचा फोन आला. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की त्यांना मोठ्याने बोलावे लागत होते. "वीज दुपारीच गेलती," ते म्हणाले, "आता आल्यावर हिरवं बटण दाबलं, चालू झालं की. पण हे बघ काय म्हणतंय," आणि त्यांनी पडदा शब्दन्‌शब्द वाचून दाखवला: "डिस्कवर ९ टक्के जागा उरली. नवे स्कॅन थांबवा." मग त्यांनी विचारले, "स्मरणिका दोनदोनदा आहेत काही, त्या पुसू की नको?" मी त्यांना नको म्हणालो. एक टीबीची डिस्क घेतली आहे, आणि येत्या रविवारी ती घेऊन मी गावी जाणार आहे.